तिजोरीतली डिस्क

लेबल जागचं हललं होतं. अर्धा मिलिमीटर, फार तर पाऊण. डिस्कच्या बोटाएवढ्या हिरव्या पट्टीवर कारखान्यात ते जिथे चिकटवलं होतं तिथली पुसट रेघ अजून दिसत होती, आणि लेबल त्या रेघेपासून किंचित तिरकं सरकलं होतं. मधल्या फटीतून डिंक बाहेर येऊन वाळला होता, कडेला तपकिरी आणि आत मधासारखा. ब्राह्मीने पट्टी खिडकीच्या उजेडात धरून हे पाहिलं. डिंक पातळ झाल्याशिवाय असा वाहत नाही, एवढं तिच्या मनात येऊन गेलं. त्याच्या पुढचा विचार तिने त्या वेळी केला नाही.

"हाय ना जशीच्या तशी?" अप्पा म्हणाले. तिजोरीच्या किल्ल्या त्यांनी अजून हातातच धरल्या होत्या. "तू दिलीस तवापासून कुणाला हात लावू दिला न्हाई. अतिशय एकदा म्हणाला, अप्पा, बघू तरी द्या. त्यालाबी न्हाई दिली."

अतिशय म्हणजे ब्राह्मीचा नवरा, आणि त्यालाही हात न लावू देणं हा अप्पांच्या लेखी राखणीचा शेवटचा पुरावा होता.

अप्पांचं, म्हणजे ब्राह्मीचे वडील धरणेंद्रअण्णांचं घराणं सांगलीजवळच्या हरिपूरचं, हळदीच्या व्यापारातलं. हरिपुरात पूर्वी हळद पेवात ठेवत. जमिनीत खोल खणलेली पोकळी, तिचं तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढंच. आत हळद भरायची, वरून पाला, माती, चिखल लिंपून तोंड बंद करायचं आणि विसरून जायचं. वर्षं गेली तरी माल तसाच राही. मध्ये कुणी हौसेने उघडलं, की आत हवा गेली आणि कीड लागली म्हणून समजा. पेवं पुढे पुरात गेली, पण त्या घरातल्या माणसांच्या हाडात तो नियम राहिला. जे मोलाचं आहे ते बंद करावं, वर हात फिरवावा आणि उघडू नये. अप्पांनी दागिने असेच ठेवले होते. लेकीची डिस्कही तशीच ठेवली.

पुराने त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली होती. मोलाचं काही तळमजल्यावर ठेवायचं नाही. म्हणून तिजोरी वखारीच्या माळ्यावर गेली होती, थेट पत्र्याखाली. पुढच्या मोठ्या पुरात घर सोडायची वेळ आली, तेव्हा अप्पा सोनं घेऊन निघाले आणि त्याबरोबर ही पट्टी, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून सदऱ्याच्या आतल्या खिशात. होडीत बसल्यावर त्यांनी आधी छातीशी हात लावून ती आहे का ते पाहिलं होतं. आई ही गोष्ट पाहुण्यांना सांगून हसायची. पूर ओसरल्यावर पट्टी परत माळ्यावर गेली.

त्या पट्टीत ब्राह्मीचा प्रबंध होता. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तिने वडूजच्या आसपासच्या विहिरींचं पाणी अभ्यासायला घेतलं होतं. खटावचा तो सगळा कोरडवाहू मुलूख. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की त्यात कोणते क्षार किती वाढतात, पावसानंतर किती उतरतात, हे ती विहिरीगणिक मोजत होती. साताऱ्याहून एसटीने जायचं, बाटल्या भरायच्या, बर्फाच्या डब्यात घालून परत यायचं. विहिरींना नावं नव्हती, म्हणून तिने मालकांचीच नावं दिली. राहीबाई, बिराप्पा, आकाराम. तीन वर्षं असं केल्यावर लग्न झालं, ती फलटणला गेली, मुलगी झाली. प्रबंध लिहायचा तेवढा राहिला.

आणि डिस्कची निवड तिचीच होती, चांगली विचार करून केलेली. लग्नानंतर लॅपटॉप भरून गेला तेव्हा अतिशयने बाहेरून मोठी एसएसडी, म्हणजे लॅपटॉपच्या आत बसणारी डिस्क, घ्यावी असं सुचवलं. तो साखर कारखान्याच्या ऑफिसात होता आणि तिथे सगळे असंच करत. ब्राह्मीने त्यावर पंधरा-वीस दिवस वाचन केलं. कंपनीने बसवून दिलेली डिस्क लहान असते, महागही पडते, पण त्याच यंत्राबरोबर तपासलेली असते. बाहेरची डिस्क मोठी, वेगवान, पण एकाच नावाच्या खोक्यात आतल्या चिप मात्र दर वेळी वेगळ्या निघतात, असं लोक लिहीत होते. तिने दोन्ही बाजू तोलल्या आणि निकाल दिला: रोजची रगडपट्टी बाहेरच्या डिस्कवर, आणि प्रबंध कंपनीच्या मूळ डिस्कवर, ती काढून सुरक्षित ठेवायची. लिहून लिहून एसएसडी झिजते हे तिला ठाऊक होतं. वापरलीच नाही, तर झिजणार कशाने?

सुरुवातीला सगळं दोन्हीकडे होतं. मग मुलीचे फोटो, बारशाचे व्हिडिओ, अतिशयच्या कामाच्या फायली यांनी बाहेरची डिस्क भरत आली. एका दुपारी, मुलगी मांडीवर झोपलेली असताना, ब्राह्मीने प्रबंधाचा फोल्डर तिथून काढून टाकला. मूळ प्रत अप्पांच्या तिजोरीत आहे म्हणून निर्धास्तपणे. विद्यापीठातलं जुनं यंत्र भंगारात गेलं होतं, विभागाची जागा बदलताना तिच्या नमुन्यांच्या वह्या रद्दीत गेल्या होत्या, तरी तिला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं, तेही त्याच कारणाने.

प्रबंधाचं काय झालं असं कुणी विचारलं की ती "बघू" म्हणे. सात वर्षं ती हेच म्हणत होती. शेवटी मार्गदर्शक बाईंचाच फोन आला. त्या पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होत्या. मुदतवाढ आणखी मिळणार नव्हती. "ब्राह्मी, मला हो सांग नाही तर नाही सांग," त्या म्हणाल्या. "बघू हे मला विद्यापीठाला कळवता येत नाही." सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. आज शनिवार होता. मुलीला सासूबाईंपाशी ठेवून ब्राह्मी लॅपटॉप घेऊन सांगलीला आली होती.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या तानाजीचं दुकान सांगलीच्या गावभागात होतं. अप्पा ऊन असूनही बरोबर निघाले. सात वर्षं सांभाळलेला माल पोचता करायला मालकाने स्वतः जावं, असा त्यांचा एकूण आव होता. दुकानात आधीच एक गिऱ्हाईक बसलं होतं. खटावकडचे लालासाहेब नावाचे सुभेदार, सुट्टीवर आलेले. पोरीला यंदा सांगलीत इंजिनिअरिंगला घालायचं होतं आणि तिच्या लॅपटॉपमध्ये कंपनीचीच मोठी डिस्क घ्यावी, की लहान घेऊन बाहेरून बसवावी, यावर दोघांची चर्चा बरीच रंगलेली दिसत होती.

"आवं सुभेदारसाहेब, कंपनीची म्हंजे कशी, लग्नाची बायकू," तानाजी म्हणत होता, "आन् भायेरची म्हंजे..." एवढ्यात त्याला दारात अप्पा दिसले. "या अप्पा, जय जिनेंद्र," असं म्हणून त्याने ते वाक्य तिथेच गिळलं. सुभेदार मिशीत हसले.

ब्राह्मीने काम सांगितलं. जुनी डिस्क वाचायची, त्यातलं सगळं नव्या डिस्कवर घ्यायचं. तानाजीला उत्साह आला. सुभेदारांना दाखवायला आयता दाखला चालून आला होता.

"ही बगा. म्याडमच्या ल्यापटॉपात भायेरची हाय, आन् हातात कंपनीची. दोगीबी जुन्याच. आता तुमीच बगा डोळ्यांनी."

त्याने आधी लॅपटॉपमधली बाहेरची डिस्क तपासली. सात वर्षं ती रोज राबली होती. पडद्यावर हिरवा आकडा आला, अजून बराच जीव शिल्लक असल्याचा. तानाजी म्हणाला, भायेरची असून ठणठणीत हाय, तर आतली काय आसंल! मग त्याने कंपनीची पट्टी एका डबीत बसवली आणि वायर जोडली.

दिवा लागला. पडद्यावर डिस्कचं नाव आलं. ब्राह्मीने सोडलेला श्वास अप्पांनाही ऐकू आला असणार, कारण ते वळून तिच्याकडे पाहून हसले. फोल्डर उघडला आणि नावं एकाखाली एक उमटली, तिने ठेवलेल्या क्रमाने. अप्पांनी चष्मा पुढे ओढला.

"राहीबाई. ही कोण गं?"

"पुसेगावच्या अलीकडची म्हातारी. तिच्या विहिरीचं पाणी," ब्राह्मी म्हणाली. राहीबाई दर खेपेला तिला ताक द्यायची आणि माझ्या पाण्यात काय सापडलं ते मलाच आधी सांग म्हणायची. ब्राह्मीने त्या नावावर टिचकी मारली. आत फायली होत्या, प्रत्येकीपुढे तिचा आकार, शेवटच्या किलोबाइटपर्यंत बरोबर. तिने पहिली उघडली.

उघडली नाही. वाचता येत नाही, असा निरोप आला. दुसरी उघडली, पण आत काहीच नव्हतं. तक्त्याच्या चौकटी होत्या आणि चौकटींत रिकामपण. तिने बिराप्पा उघडला, आकाराम उघडला. तानाजी म्हणाला, थांबा, वायर ढिली आसंल, आणि त्याने वायर बदलली. मग डबी बदलली. मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं. दर वेळी नावं आली. अगदी शहाण्यासारखी, क्रमाने आली.

एक फोटो मात्र उघडला. वरच्या बाजूला दोन बोटं रुंद आकाश होतं, खटावचं, उन्हाने पांढरं पडलेलं. त्याखाली राहीबाईचा डोक्यावरचा पदर आणि कपाळाचा थोडा भाग. तिथून खाली सगळं राखाडी. डोळ्यांच्या बरोबर वर सरळ रेघ मारावी तशी म्हातारी संपली होती.

ब्राह्मी त्या रेघेकडे बघत राहिली. तानाजीने आणखी एकदा फोल्डर उघडायला घेतला तेव्हा पडदा जरा वेळ गोठला, आणि मग डिस्कचं नाव पडद्यावरून नाहीसं झालं. डबीवरचा दिवा तेवढा लागलेला राहिला.

तानाजीने डबी हातात घेऊन हलवून पाहिली.

"येवढं कसं जाईल?" तानाजी स्वतःशीच म्हणाला. "पडली न्हाई, पाण्यात न्हाई, वापरबी न्हाई. कंपनीची हाय, आं?"

ब्राह्मीला उत्तर माहीत होतं. ते आठवावंसुद्धा लागलं नाही. धक्का मुळात त्याचाच होता, की हे सगळं तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. वर्गात शिकवावं तशा सपाट आवाजात ती सांगू लागली आणि आपलाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. असल्या डिस्कमध्ये अक्षर कोरलेलं नसतं. अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो, तोच मजकूर. कप्पे पूर्ण बंद कधीच नसतात, भार थोडा थोडा गळत राहतो. उष्णता जितकी जास्त तितका लवकर गळतो. रोज चालणारी डिस्क बहुतेक वेळा आतल्या आत सावरून घेते, क्षीण झालेलं पुन्हा नव्याने लिहिते. वीजच मिळाली नाही तर ती काही करू शकत नाही. आणि ही अगोदर तीन वर्षं भरपूर वापरून मग पत्र्याखाली सात उन्हाळे पडून होती. फायलींची नावं कुठेतरी टिकली, बाकीचं झिरपून गेलं.

"म्हंजे वापरली आस्ती तर ऱ्हायली आस्ती?" सुभेदार म्हणाले.

"बहुतेक. निदान बिघडतेय हे वेळेत कळलं असतं."

अप्पा स्टुलावर बसले. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत खिशात घातला.

"मी हात लावला न्हाई गं," ते म्हणाले. "बाळ, एकदाबी लावला न्हाई."

"माहीत आहे, अप्पा."

"पुरात छातीशी धरून नेली."

"माहीत आहे."

"मग आता मी काय करायचं व्हतं?"

त्यांनी सांभाळायचं ते सगळं सांभाळलं होतं. ठेवायचं कुठे हे त्यांनी तिला विचारलं होतं, तिने कुठेही ठेवा म्हटलं होतं. सुभेदारांनी माठातलं पाणी आणून अप्पांना दिलं. अप्पांनी पेला तोंडाला लावला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

मग, बरंच अवघडून का होईना, सुभेदारांनी विचारलंच. "म्याडम, राग मानू नका. पर पोरीचा सवाल हाय. कंपनीची घिऊ का भायेरची?"

तानाजीने कपाळाला हात लावला. ब्राह्मीने मात्र प्रश्न नीट ऐकून घेतला. तोच प्रश्न तिने कधी काळी पंधरा-वीस दिवस वाचून सोडवला होता.

"कुठलीही घ्या," ती म्हणाली. "दोन्ही चांगल्या असतात आणि दोन्ही जातात. मी चुकीचा प्रश्न सोडवत बसले होते. पोरीला म्हणावं, दोन ठिकाणी ठेव आणि महिन्यातून एकदा दोन्ही उघडून बघ."

सुभेदारांनी शाळकरी पोरासारखी मान हलवली.

अतिशयचा फोन आला. मिळालं का, त्याने विचारलं. तिने काय झालं ते सांगितलं, फोटोचंही सांगितलं. मग तो हळुवारपणे म्हणाला, घाबरू नकोस, पुण्यात अशा डिस्कमधून माहिती काढून देणारे आहेत, आमच्या ऑफिसातल्या एकाचं निघालं होतं, पाठवून बघू. तानाजीने फोनवरचं ऐकून लगेच दुजोरा दिला. दोन-तीन महिने लागतील, पण ते लोक चिप सुटी करून वाचतात. अप्पांच्या चेहऱ्यावर रंग आला. पुण्याला मी सोता घेऊन जातो, ते म्हणाले, आत्ताच्या गाडीनं जातो. तानाजीने फुगेवालं प्लॅस्टिक काढलं, त्याचा चौकोन कापला आणि पट्टी मधोमध ठेवली.

ब्राह्मीला बरं वाटलं. पुण्याला डिस्क गेली की बाईंना सांगता येईल, डिस्क पुण्यात आहे, अहवाल यायचा आहे. विद्यापीठ कदाचित तेवढं थांबेल. नाही थांबलं, तरी दोष डिस्कचा. सासरी सांगता येईल, माहेरी सांगता येईल. कुणी विचारलं तर उत्तर तयार.

आणि मग तिला दुसरा धक्का बसला, पहिल्यापेक्षा खोल. राहीबाईचं अर्धं कपाळ डोळ्यांसमोर असताना आपल्याला बरं कसं वाटतंय, हे तिने एखादं अनपेक्षित मोजमाप तपासावं तसं उलटसुलट तपासून पाहिलं. मोजमाप बरोबर होतं. सात वर्षांत ती तिजोरी उघडायला ती एकदाही आली नव्हती. फलटणहून सांगली काही परदेश नाही. दिवाळीला ती येत होती, उन्हाळ्यात मुलीला घेऊन पंधरा पंधरा दिवस राहत होती. माळ्याच्या जिन्याखालून रोज जात होती. डिस्क बंद होती तोवर प्रबंध अर्धवटही नव्हता आणि सुटलेलाही नव्हता, आणि तिला ते सोयीचं होतं. अप्पांनी फक्त डिस्क राखली होती. ते "बघू" तिने स्वतः राखलं होतं.

राहीबाई दोन वर्षांपूर्वी वारल्याचं तिला कळलं होतं. मागच्या हिवाळ्यात वडूजवरून जाताना एसटीच्या खिडकीतून तिने पाहिलं, तर जिथे कुसळं वाळत असत तिथे मका डोलत होता. कालव्याचं पाणी आलं होतं. त्या विहिरींचं ते पूर्वीचं पाणी आता मोजायचं म्हटलं तरी जगात कुठे उरलं नव्हतं. पुण्याच्या माणसाने चिप सुटी करून काही आकडे काढले तरी ते तुकडेच असणार. एका विहिरीचा उन्हाळा आणि दुसरीचा पावसाळा. त्यावर सही करून विद्यापीठाला देणं तिच्या हातून होणार नव्हतं, हे तिला तानाजीने प्लॅस्टिक कापलं तेव्हाच कळलं होतं.

तानाजी चिकटपट्टीचं टोक शोधत होता.

"तानाजी, बांधू नका," ती म्हणाली.

"आवं म्याडम, पाठवून तर बगू. जातंय काय त्यात?"

"नको. तशीच राहू दे."

अप्पा उठून जवळ आले. "रागावलीस व्हय माझ्यावर?" त्यांनी विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि त्यांचा हात धरला. तो घामेजला होता. दुसऱ्या हाताने तिने फोन काढून मार्गदर्शक बाईंचा नंबर लावला. सुभेदार सभ्यपणे रस्त्याकडे बघू लागले. तानाजी तेवढा सभ्य नव्हता, तो बघतच राहिला.

बाईंनी फोन लगेच उचलला. त्या बहुधा कपाट आवरत होत्या, मागे कागदांचा आवाज येत होता. बोल, त्या म्हणाल्या. ब्राह्मीने डिस्क गेल्याचं सांगितलं. बाई हळहळल्या, अरेरे म्हणाल्या, मग त्यांनीही विचारलं, की पुण्यात कुणाला दाखवायचं का, मी एखादं पत्र देऊन महिनाभर थांबवून बघते.

"नको बाई," ब्राह्मी म्हणाली. "जुना प्रबंध मी देणार नाही. ती नोंदणी रद्द होऊ द्या. मी नव्याने अर्ज करणार आहे, त्याच विहिरींवर, कालव्याचं पाणी आल्यानंतरच्या. पहिले नमुने याच उन्हाळ्यात घेणार आहे."